परतीचं पाणी

"आमच्याकडे कॉम्प्युटरला नळ बसवून मिळतात," असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ऐकणारा हसतो, पण ते खरंच आहे.

आत्याने उमेदीची सगळी वर्षं फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यात घालवली. मग एकदा एक मुलगा गेमिंगचा कॉम्प्युटर उचलून घेऊन आला आणि म्हणाला, यात पाणी फिरवून द्याल का? आत्याने झाकण काढलं, आतलं चटका देणारं ग्राफिक्स कार्ड बोटाने चाचपलं आणि म्हणाली, "एवढंच ना? इथली उष्णता तिथे नेऊन टाकायची. मी दुसरं काय करत आले आजवर?" आता तिच्या तळघरातल्या दुकानात फ्रिज येत नाहीत. भिंतीवर तांब्याच्या आणि काचेच्या नळ्या टांगलेल्या असतात, आणि मधल्या टेबलावर कुठला ना कुठला कॉम्प्युटर पोट उघडून पडलेला असतो.

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि संशोधनाच्या जागांसाठी अर्ज पाठवले. उत्तरं येईपर्यंत घरी बसून करणार काय, म्हणून आत्याच्या हाताखाली गेले. माझं काम तापमानं मोजायचं. आत्या मला वैज्ञानिकबाई म्हणते. "वैज्ञानिकबाई, शोध लावून झाला असेल तर ते फडकं द्या इकडे."

पुढचं कळण्यासाठी या कामातली एकच गोष्ट माहीत असावी लागते. कॉम्प्युटर खेळात गुंतला की भरपूर वीज खातो आणि ती सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती पडते तिथे आम्ही तांब्याचा पोकळ ठोकळा बसवतो आणि त्यातून पाणी फिरवतो. तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे त्यावर हवा मारतात, आणि गार झालेलं पाणी टाकीत परततं. हे परतीचं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड असू शकत नाही. हवेनेच त्याला गार केलेलं असतं. हवा स्वतःकडे नसलेला गारवा देणार कुठून? खोली चोवीस अंशांवर असेल तर पाणी एकतीस-बत्तीसला येऊन थांबतं. काम फार उत्तम झालं असेल तर अठ्ठावीस. अठ्ठावीस आलं की आत्या दिवसभर गुणगुणत असते. चोवीसच्या खाली ते कधीच जात नाही, आणि यात आमच्या कौशल्याचा काही संबंध नाही. निसर्गच तसा आहे.

कॅप्टन आमच्याकडे आले ते एका सकाळी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बारीक कापलेले पांढरे केस. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बसले, आणि विचारलं, "आवाज किती होईल?"

आत्या चमकली. बाकीची गिऱ्हाइकं पहिल्यांदा दिव्यांचे रंग विचारतात.

"तुम्हाला किती चालेल?"

"मुळीच नको."

"मुळीच नको हे फार महाग पडतं, साहेब." आत्याने कागदावर आकडा लिहून त्यांच्यापुढे सरकवला. "यातले निम्मे पैसे कॉम्प्युटरचे आणि निम्मे त्याने तोंड मिटून बसण्याचे."

कॅप्टनांनी आकडा पाहिला आणि मान डोलावली. "गाडी विकतो. तशीही खालीच उभी असते."

मग त्यांनी सांगितलं. ते प्रवासी विमानं चालवायचे. बायकोचं आजारपण सुरू झालं तसं त्यांनी ते सोडलं. आता ते घरी, कॉम्प्युटरवर विमान चालवतात. खेळातलं विमान, पण आभाळ, डोंगर, धावपट्ट्या सगळं हुबेहूब. बायको पलीकडच्या खोलीत झोपून असते. मधलं दार उघडं ठेवून ते तिला सांगत राहतात, आता खाली काय दिसतंय ते.

"ती ऐकते का, ते मला कळत नाही," कॅप्टन म्हणाले. "पण आत्ताचा कॉम्प्युटर इतका घोंघावतो की तिचा श्वास मला ऐकू येत नाही. विमानातसुद्धा इतका आवाज नव्हता हो. मला तिचा श्वास ऐकू यायला हवा. बाकी काही नाही."

आत्याने तो कागद परत ओढून घेतला आणि आकड्यातून मजुरी वजा करून टाकली.

*

कॉम्प्युटर तयार झाल्यावर आम्ही तो पोचवायला गेलो. त्यांचं घर सातव्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडे टेबल, कॉम्प्युटरचा पडदा आणि विमानाच्या दांड्यासारखा दांडा; पलीकडे पलंगाची उशाकडची बाजू. पलंगावर कॅप्टनांची बायको, इतक्या पांघरुणांखाली की फक्त चेहरा दिसत होता. दिवसभराची नर्स होती, जाड भिंगांचा चष्मा घातलेली. तिला सगळे सिस्टर म्हणत.

"काय आजार आहे?" मी हळूच विचारलं.

"नाव मोठं आहे," सिस्टर म्हणाल्या. "सांगायचं तर अंगात ऊबच तयार होत नाही. कितीही पांघरा, कितीही शेका. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत."

आमची एक पद्धत आहे. कॉम्प्युटर कुठे न्यायचा असला की आम्ही रेडिएटरकडे जाणारा पितळी कॉक बंद करतो, म्हणजे वाटेत पाणी हिंदकळून त्यात हवा जात नाही. बंद केल्यावर पाण्याला एक आखूड वाट राहते: टाकीतून ठोकळ्यात, ठोकळ्यातून परत टाकीत. घरी पोचलं की कॉक उघडायचा आणि मगच सुरू करायचं. रेडिएटरशिवाय कॉम्प्युटर चालवणं म्हणजे झाकण लावून किटली तापवणं.

त्या दिवशी आम्ही नळ्या पुसत होतो तेवढ्यात सिस्टरांची हाक आली. थर्मामीटर चौतीसच्या वर चढत नव्हता. आत्या तशीच उठली, स्वयंपाकघरात गेली, पाणी उकळून रबरी पिशव्या भरू लागली. कॅप्टन बायकोचे तळवे चोळत बसले. मी एकटी कॉम्प्युटरपाशी उरले. काहीतरी करावं म्हणून मी तो सुरू केला. दिवे लागले, पंप चालला, टाकीत पाणी फिरू लागलं. आवाज शून्य. तासाभराने बाई जरा सावरल्या तेव्हा आत्या ओल्या हातांनी बाहेर आली, यंत्रावर एक नजर टाकली आणि म्हणाली, "चल, यांना आता एकटं सोडू या."

मला वाटलं, कॉक आत्याने उघडलाय. आत्याला वाटलं, मी.

*

काही आठवड्यांनी कॅप्टनांचा फोन आला. तक्रार नव्हती. "मशीन अप्रतिम आहे," ते म्हणाले, "फक्त एक विचारायचं होतं. त्याचे पंखे फिरायला हवेत का? कारण मी ते कधी फिरताना पाहिलेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. दार उघडताना सिस्टरांचा चेहराच वेगळा होता. "काल ताई चार घास जेवल्या," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या हाताने."

आत पाहिलं तर पांघरुणांचा ढीग कमी झाला होता. बाईंच्या गालांवर रंग होता. कॅप्टन टेबलाशी बसून विमान चालवत होते. पडद्यावर ढगांचं पांढरं पठार पसरलं होतं आणि त्यातून दोन-तीन शिखरं वर आली होती. "उजव्या हाताला बर्फ दिसतंय," ते दाराकडे तोंड करून म्हणाले. पलीकडून बारीक आवाज आला, "किती लांब?"

मी हातातली पिशवी खाली ठेवायची विसरले.

मग कामाला लागले. कॉम्प्युटर पूर्ण जोरात होता. मीटर लावून पाहिलं, पाचशे वॅट खात होता. म्हणजे एक लहानसा हीटर. खोलीतली हवा चोवीस. परतीचं पाणी एकोणीस.

सेन्सर बिघडला, हे पहिल्यांदा मनात आलं. कुणाच्याही आलं असतं. मी माझा थर्मामीटर काढला, जो मी स्वतः बर्फाच्या आणि उकळत्या पाण्यात तपासून घेतलेला आहे, आणि टाकीच्या झाकणातून आत सोडला. एकोणीस.

पंखे थांबलेले होते. साहजिकच होतं, पाणी गार आहे म्हटल्यावर ते कशाला फिरतील? मी रेडिएटरला हात लावला. त्यात ना गरमपणा होता ना गारवा, भिंतीसारखाच होता. मग मी गुडघ्यांवर बसून मागे वाकून पाहिलं आणि मला तो पितळी कॉक दिसला. त्याचा दांडा आडवा होता. बंद.

पाणी रेडिएटरकडे जातच नव्हतं. पहिल्या दिवसापासून गेलं नव्हतं.

मी तिथेच फरशीवर बसून हिशोब केला. एक लिटर पाणी, पाचशे वॅट, उष्णता बाहेर जायला वाट नाही. दहा-अकरा मिनिटांत ते उकळायला हवं होतं. त्याआधी कॉम्प्युटरने स्वतःला बंद करून घ्यायला हवं होतं. आणि हे यंत्र काही आठवडे, दिवसभर, न थांबता चाललं होतं.

मी बोटांनी नळ्या चाचपल्या. ठोकळ्यातून बाहेर येणारी नळी किंचित कोमट, तेवढी बरोबर. ती टाकीत शिरत होती. टाकीतून निघणारी नळी थंड. म्हणजे जे काही होत होतं ते टाकीत होत होतं. बरणीएवढी उभी काच, त्यात स्वच्छ पाणी, दुसरं काही नाही. उष्णता त्यात येत होती आणि तिथून पुढे ती नव्हती.

"काही बिघडलंय का?" कॅप्टनांनी मागे न बघता विचारलं.

"एक कॉक उघडायचा राहिलाय. आमचीच चूक. आत्ता उघडते."

मी तो उघडला. रेडिएटरमध्ये बुडबुडे वाजले, पाण्याचं तापमान चढू लागलं. बावीस. पंचवीस. अठ्ठावीस. पंख्यांनी हळूच फिरायला सुरुवात केली आणि माझ्या गालाला गरम हवा लागली. पाणी एकतीसला येऊन थांबलं, पुस्तकात लिहिल्यासारखं. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! जग जागेवर होतं.

"साहेब!" आतून सिस्टर ओरडल्या. "साहेब, इकडे या आधी!"

कॅप्टन दांडा सोडून धावले. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले. बाईंचे दात वाजत होते. गालांवरचा रंग उतरला होता, ओठ निळसर दिसत होते. सिस्टर त्यांच्यावर रजया टाकत होत्या आणि पुटपुटत होत्या, "आत्ता तर छान होत्या, आत्ता बोलत होत्या हो."

मला तिथे काही करता येण्यासारखं नव्हतं. मी परत फिरले आणि कॉक बंद केला. का, ते सांगता येणार नाही. प्रयोगात काही अनपेक्षित झालं की मूळ स्थितीला यायचं, एवढी एक सवय.

एकतीस. सत्तावीस. चोवीस. पाणी तिथे थांबलं नाही. बावीस. एकोणीस.

पलीकडचं दातांचं वाजणं मंदावलं, मग थांबलं. "आल्या," सिस्टर म्हणाल्या. "आल्या वर. बाई गं."

मी मान वर केली तर कॅप्टन दारात उभे होते. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, कॉकवर ठेवलेल्या हातावर होती. मी त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"पुन्हा करून बघू नका," ते म्हणाले.

मला पुन्हा करून बघायचंच होतं. एकदा घडलं तो योगायोग. आम्हाला हेच शिकवलेलं आहे. मी हात मागे घेतला.

त्याऐवजी मी थर्मामीटर घेऊन मोजत सुटले. टाकीबाहेरची हवा, टेबल, भिंत अलीकडून, भिंत पलीकडून, पलंगाचा लोखंडी दांडा, उशी. सगळीकडे चोवीस. उष्णता टाकीतून निघत होती, पलंगावर पोचत होती, आणि मधल्या जागेत कुठेच नव्हती. आणखी एक गोष्ट मी कॅप्टनांना सांगितली नाही. पडून असलेल्या माणसाला शंभर वॅट पुरतात. पाचशे वॅट बाईंपर्यंत पोचले असते तर त्यांचं काय झालं असतं ते न बोललेलंच बरं. म्हणजे उरलेले चारशे वाटेत कुठेतरी उतरत होते. कुठे, हे मला आजही माहीत नाही.

*

"तू उघडला असशील असं वाटलं मला," आत्या म्हणाली.

"तू शेवटी बघून आलीस ना? एक नजर टाकून 'चल' म्हणालीस."

"नजर टाकली. कॉक मागे असतो, वैज्ञानिकबाई. माझ्या नजरेला वळण घेता येत नाही." तिने हातातली नळी खाली ठेवली. "तू थर्मामीटर नीट वाचलास?"

"आत्या."

"बरं, बरं. विचारायचं काम माझं."

तिचा विश्वास बसला नव्हता. बसायला हवा होता असंही नाही. ती माझ्याबरोबर आली. कॅप्टनांनी खुर्ची तिच्यासाठी रिकामी केली, पण ती बसली नाही. तिने दोन्ही नळ्या दोन हातांत धरल्या, तापाच्या माणसाची नाडी धरावी तशा. डोळे मिटले. तिने आयुष्यभर उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली होती. त्यासाठी कॉम्प्रेसर लागतो, गॅस लागतो, घरघर होते, मागे कुठेतरी गरम जाळी असते. इथे काहीच नव्हतं. फक्त पाणी फिरत होतं.

"किती सुंदर चाललंय गं," ती इतक्या हळू म्हणाली की मलाही जेमतेम ऐकू आलं.

मग नेहमीच्या आवाजात, "कॅप्टन, या कॉकला मी तार गुंडाळून ठेवते. चुकूनसुद्धा उघडला जायला नको."

"दुरुस्तीचे किती झाले?"

"दुरुस्ती केली असती तर सांगितलं असतं."

त्यानंतर कॅप्टन विमान चालवत राहिले. ऊब हवी तर यंत्राने कष्ट करायला हवेत, हे त्यांनी स्वतःच ताडलं होतं. कॉम्प्युटर नुसता चालू ठेवून भागत नव्हतं. ढग, डोंगर, समुद्र, सगळं त्याला पूर्ण तपशिलात उभं करावं लागायचं. ते लांबलांबची उड्डाणं घेत. झोपायच्या आधी विमान एखाद्या महासागरावर स्वयंचलित लावून ठेवत. विजेचं बिल आम्हाला दाखवून ते हसले. "खरं विमान एवढ्यात जागचंसुद्धा हललं नसतं."

मी अधूनमधून मोजमापाच्या निमित्ताने जात असे. खरं तर मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी फरशीवर बसून टाकीकडे बघत राहायची. पाण्यात दिव्याचा एक बारीक कवडसा हलत असे. पलीकडून बाई विचारायच्या, "आता कुठे आलो?" आणि कॅप्टन सांगायचे, "किनारा सुटला. आता चारी बाजूंना पाणी." मी शिकलेलं सगळं भौतिकशास्त्र त्या खोलीत माझ्याबरोबर असायचं आणि गप्प असायचं. मला भीती वाटत नव्हती. एखाद्या मोठ्या, पायऱ्या उतरत जाणाऱ्या विहिरीच्या काठावर उभं राहिल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं व्हायचं.

बाई आधाराने बसू लागल्या. मग खुर्चीत. डॉक्टरांनी आपलेच जुने रिपोर्ट पुन्हा मागवून घेतले.

*

मग त्या भागातली जुनी वीजवाहिनी बदलायचं निघालं. दिवसभर वीज नसणार, अशी चिठ्ठी इमारतीच्या दारावर लागली. आत्याने बॅटऱ्यांचा एक संच जोडून दिला. दुपारपर्यंत आरामात पुरेल आणि दुपारी वीज येईल, असा आमचा अंदाज होता.

दुपारी वीज आली नाही. कॅप्टनांचा फोन आला. "बॅटरी लाल झालीय," ते शांतपणे म्हणाले. फोन मात्र ठेवला नाही. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"निघालो," मी म्हणाले.

दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या बॅटऱ्या आम्ही गाडीत टाकल्या. रस्ता खोदलेला होता, फिरून जावं लागलं. लिफ्ट अर्थातच बंद. जिन्यावर आत्या प्रत्येक वळणाला ओझं टेकवायची आणि मला म्हणायची, "तू हो पुढे." मी झाले नाही. मला एकटीला ते दार उघडायचं नव्हतं.

सिस्टरांनी दार उघडलं. त्या रडत नव्हत्या.

"ताई बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही बघा."

बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. खांद्यावरची शाल त्यांनी काढून ठेवली होती. गाल लालसर. सिस्टरांनी मला थर्मामीटर दाखवला: सदतीसला थोडा कमी. निरोगी माणसाचा.

अलीकडच्या खोलीत पडदा काळा होता. एकही दिवा नव्हता. पंपही बंद होता.

कॅप्टन खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी उजव्या हाताचा तळवा टाकीच्या काचेवर टेकवून ठेवला होता.

"बॅटरी कधी संपली?" मी विचारलं.

"तुम्हाला फोन केला ना, तेव्हाच."

"आणि तेव्हापासून?"

"हात लावून बसलोय. दुसरं काय करणार?"

नळीत एक छोटी पारदर्शक चक्री बसवलेली असते, पाणी वाहतंय की नाही ते दिसावं म्हणून. पंप बंद होता. चक्री फिरत होती.

टाकी बाहेरून ओली होती. आत्या पुढे झाली. "गळतंय."

"गळत नाहीये," मी म्हणाले. "दव आहे." थंड सरबताचा पेला बाहेरून ओला होतो, तसं. ते पाणी पेल्यातलं नसतं, हवेतलं असतं. गार वस्तूला टेकली की हवा आपल्यातली वाफ तिथे सोडते. आधी धुकं, मग बारीक थेंब. एकोणीस अंशांना असं कधी झालं नव्हतं. मी थर्मामीटर आत सोडला.

नऊ.

आत्याने बॅटऱ्या जोडल्या. पंप चालू झाला. पडदा उजळला, कॅप्टनांनी डाव्या हाताने खेळ पुन्हा लावला, ढग आले, विमान आपल्या जागी तरंगत होतं.

"काढा हात आता," आत्या म्हणाली. "मशीन चालू झालंय. काढा."

"काढतो की." त्यांनी हात काढला. काचेवर त्यांच्या पंज्याचा ठसा उमटलेला नव्हता. तिथेही दव होतं, इतर जागी होतं तितकंच.

"तुम्हाला थंडी वाजतेय का?" मी विचारलं.

"मुळीच नाही."

"अहो," पलीकडून हाक आली. आवाज स्पष्ट होता. "उकडतंय हो इथे. ही खिडकी उघडा ना कुणीतरी."

कॅप्टन उठले. चालण्यात काहीच फरक नव्हता. त्यांनी जाऊन खिडकीची कडी काढली, दोन्ही दारं लोटली. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. बाहेरची दमट दुपार आत आली.

बाईंनी नवऱ्याकडे वर पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्या त्यांना असं, नीट, उजेडात पाहत असाव्यात.

"बघा," त्या हसून म्हणाल्या. "तुम्हालाही किती घाम आलाय."

"हो गं. आज उकडतंयच जरा."

कॅप्टनांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ कोरडं पुसलं. पुसलेल्या जागी आधी धुकं आलं. मग बारीक थेंब.